वेदनेवर औषध आहे!

कर्करोगाच्या दुखण्याविषयी घराघरांत ठाऊक असावे असे काही

दुखणे सोसण्याला आपल्याकडे फार मोठा मान आहे. पायात काटा मोडला तरी हूं की चूं न करणारा मुलगा शहाणा. बाळंतपणात तोंडातून आवाज न काढणारी सून खानदानी. आणि अंथरुणाला खिळूनही कुणाला त्रास न देणारे म्हातारे माणूस पुण्यवान, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. सोसण्याच्या ह्या गुणावर कितीतरी आयाबहिणींचे संसार तरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एक दुखणे असे आहे की तेथे हा गुण रोग्याच्या मुळावर येतो. कर्करोग हाडांत उतरला किंवा मज्जातंतूंवर दाबू लागला, म्हणजे त्याची वेदना सोसल्याने कमी होत नाही. ती वाढतच जाते. त्या सोसण्याचा रोग्याला, घरच्यांना किंवा डॉक्टरांना काडीचाही उपयोग नसतो.

आणि वाचकांना आश्चर्य वाटेल, पण ह्या वेदनेवर औषध आहे. ते काही कालपरवा निघालेले नाही. त्याला दोनशे वर्षे होऊन गेली. ते महागही नाही. साध्या गोळीला काही रुपये पडतात. ते ज्या अफूपासून काढतात ती अफू आपल्याच देशात, सरकारच्या परवान्याने, मंदसौर, नीमच, चितोडगड ह्या भागांत पिकते. तरीही २०१७ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने जेव्हा देशोदेशींचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात हे औषध गरजेच्या जेमतेम चार टक्के पोचते असे दिसून आले. शेतात विहीर तुडुंब भरलेली आणि घरात घागर रिकामी, अशातला हा प्रकार आहे.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. पुण्या-मुंबईचा नोकरदार माणूस वर्षातून एकदा गावाकडे निवांत जातो तो दिवाळीतच. घरातल्या आजारी माणसाजवळ दोन रात्री काढण्याचा प्रसंग त्याला तेव्हाच येतो, आणि पत्रात किंवा फोनवर ‘बरं आहे’ म्हणून कळवलेले दुखणे प्रत्यक्षात काय आहे, हे त्याला तेव्हाच कळते.

नोंदवहीतला जिल्हा

धाराशिव जिल्हा म्हटला की आपल्याला तुळजापूरची भवानी आठवते, नळदुर्गचा पाणीमहाल आठवतो, परंड्याचा किल्ला आठवतो. इतिहासाची आवड असणाऱ्याला तेर म्हणजे प्राचीन तगर आठवते. पण जगातल्या कर्करोगतज्ज्ञांना हा जिल्हा वेगळ्याच कारणाने माहीत आहे. २०२३ साली सरकारी दप्तरात त्याचे नाव धाराशिव झाले. त्याआधीचे ‘उस्मानाबाद’ हे नाव त्यांच्या ग्रंथांत कायमचे छापले गेले आहे.

ह्या कथेची सुरुवात जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बार्शीला झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी परंडा आणि भूम ह्या तालुक्यांची बाजारपेठ तीच, आणि मोठ्या दुखण्याला धावण्याचे ठिकाणही तेच. १९८१ साली कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त ह्यांच्या स्मरणार्थ तेथे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ साली ह्या रुग्णालयाच्या आधाराने एक नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम ह्या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत कुणाला कर्करोग झाला, कोणता झाला, आणि त्याचे पुढे काय झाले, हे टिपून ठेवणारी ही भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

शहरात अशी नोंद ठेवणे तुलनेने सोपे असते. रोगी रुग्णालयात येतो, कागद होतात, कागदावरून वहीत उतरवून घ्यायचे. खेड्यात तसे नव्हते. तेथे माणूस ‘आतल्या दुखण्याने’ जात असे आणि दुखण्याचे नाव त्याच्याबरोबरच जात असे. म्हणून ह्या नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरू लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटावे, लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगावी, संशय आला तर बाईला किंवा बाप्याला बार्शीला तपासणीस आणावे, असा त्यांचा क्रम होता. त्या वहीने एक गोष्ट लख्ख दाखवून दिली: ह्या भागातील बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा होता, आणि बहुतेक जणी दवाखान्यात यायच्या त्या फार उशिरा.

ह्या वहीतूनच पुढचे मोठे काम उभे राहिले. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे डॉ. नेने, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांचे हे संयुक्त काम. चार प्रकारे वाटलेल्या ह्या स्त्रियांपैकी एका गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, आणि आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात ह्या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला नेहमीच्या सोयींपलीकडे तपासणी नव्हती, तेथे ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. तपासणी न मिळालेल्या गटाविषयी पुढे नैतिक प्रश्नही विचारले गेले, आणि ते विचारले जाणे योग्यच होते.

आता ह्या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. ज्या बाया गेल्या त्या काही एका रात्रीत गेल्या नाहीत. ह्या रोगाची गाठ ओटीपोटात वाढते, कमरेच्या मज्जातंतूंना वेढते, आणि मग कंबरेपासून पायाच्या घोट्यापर्यंत आगीची रेघ ओढल्यासारखी वेदना सुरू होते. ती महिनोन्‌महिने चालते. अभ्यासाने मोजला तो रोग आणि मोजले ते मृत्यू. आणि ते मोजण्यासाठीच तो होता. रोग लागल्यापासून मृत्यूपर्यंतच्या रात्री कशा गेल्या, हे मोजायला वेगळी वही लागते. ती वही घरच्यांनीच ठेवायची असते.

‘बरं हाय की!’

अशा घरात काय घडते हे आपल्यापैकी अनेकांना परिचयाचे असेल. समजा, भाऊबिजेला आत्या आली नाही म्हणून पुण्याचा भाचा तिला भेटायला वस्तीवर गेला आहे. आत्या बाजेवर, भिंतीकडे तोंड करून.

“आत्या, कसं वाटतंय?”

“बरं हाय की. तू जेवलास का?”

भाच्याला वाटते, चला, ठीक आहे. पण मागीलदारी वहिनी हळूच सांगते, “कसलं बरं, भावजी! रातभर डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. उशी दातात धरून पडत्यात. आन्‌ सकाळी इचारलं तर म्हनत्यात, काय न्हाई.”

“मग डॉक्टर काय म्हणाले?”

“घरी न्या, म्हनले. सेवा करा. आता करन्यासारखं काय न्हाई, म्हनले.”

हे शेवटचे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांनी ऐकले असेल, त्याची गणतीच नाही. आणि सगळा घोटाळा त्या एका वाक्यात आहे. रोग बरा करण्यासारखे आता काही नाही, हे खरे असू शकते. पण करण्यासारखे काहीच नाही, हे मात्र कधीच खरे नसते. वेदना थांबवता येते, उलटी थांबवता येते, जखमेचा वास घालवता येतो, झोप देता येते. प्रगत अवस्थेला पोचलेल्या दर तीन कर्करोग्यांपैकी सुमारे दोघांना वेदनेचा त्रास होतो; आणि योग्य औषध नेमाने दिले तर त्यांतील बहुतेकांची वेदना आटोक्यात येते.

लंडनच्या सिसली सॉण्डर्स ह्यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत असे दिसल्यावर स्वतः डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. १९९३ साली केरळात कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना-उपचाराची संस्था काढली, आणि १९९७ साली पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र उघडले, जेथे रोग्याकडून पैसे घेतले जात नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात तर ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१२ पासून ह्या शास्त्राची पदव्युत्तर पदवीही तेथे घेता येते. ह्या उपचारांना इंग्रजीतून आलेले ‘पॅलिएटिव्ह केअर’ हेच नाव रूढ आहे. दिलाशाचे उपचार म्हटले तरी चालेल.

अफूची मात्रा

१८०५ च्या सुमारास जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी झेर्ट्युर्नर नावाच्या एका तरुण औषध-सहायकाने अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फियम नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन. अफूची ताकद प्रत्येक बोंडागणिक कमी-जास्त असते. सत्त्व हाती आल्यावर मात्रा मापता येऊ लागली. हा लाभ फार मोठा होता.

मॉर्फिन काम कसे करते? आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत काही विशिष्ट कुलपे असतात. शरीर स्वतःच काही वेदनाशामक रसायने तयार करते आणि ती ह्या कुलपांना किल्लीसारखी बसतात. मॉर्फिनची किल्ली त्याच कुलपांना लागते. मग दुखऱ्या जागेकडून निघालेला निरोप मेंदूपर्यंत पोचतो तो अगदी क्षीण होऊन.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची एक शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ह्यांसारखी घरोघरी ठाऊक असलेली औषधे. दुसऱ्या पायरीवर कोडीन, ट्रॅमाडॉल. आणि तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. वेदना पहिल्यापासूनच तीव्र असेल तर खालच्या पायऱ्यांवर दिवस काढत बसण्याचे कारण नाही, असे आता मानतात. त्याबरोबर दोन नियम आले: औषध शक्यतो तोंडाने द्यावे, आणि घड्याळ पाहून द्यावे.

हा घड्याळाचा नियम घरच्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची असते, दुखो वा न दुखो. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून निजतानाची मात्रा कशी द्यायची, ते डॉक्टर ठरवून देतात. आपल्याकडे मात्र ‘फारच दुखले तर द्या’ असे चालते. ज्याने शेती केली आहे त्याला ह्यातली चूक सांगावी लागणार नाही. पिकाने मान टाकल्यावर पाट सोडला तर पाणी दुप्पट लागते आणि पीक तरीही पुरते उभे राहत नाही; पाळी ठरवून पाणी दिले तर थोड्यात भागते. वेदनेचे अगदी तसेच आहे. दोन मात्रांच्या मध्येच कळ उठली तर काय द्यायचे, हेही डॉक्टर आधीच लिहून देतात.

मॉर्फिनची नेमकी किती मात्रा लागेल हे माणसागणिक बदलते. एकाला दहा मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागते, आणि डॉक्टर ती पायरीपायरीने वाढवत नेतात. मज्जातंतूंच्या आगीवर एकटे मॉर्फिन अपुरे पडते. तेथे अमिट्रिप्टिलीनसारखी वेगळी औषधे जोडीला देतात. हाडात उतरलेल्या रोगाची वेदना किरणोपचाराच्या एकाच मात्रेनेही पुष्कळदा उतरते. ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्यासाठी त्वचेवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी असते. ती साधारण तीन दिवस चालते. ती कापू नये, तिच्यावर शेक देऊ नये.

चार भित्या

औषध हाती आले तरी ते रोग्याच्या पोटात जाईलच असे नाही. मध्ये उभी असते ती भीती. ह्या भित्या बहुतेक चार आहेत.

पहिली भीती: व्यसन लागेल. अफू हा शब्दच आपल्या कानाला वाईट लागतो, आणि त्याला कारणही आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया एके काळी तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवून जात. त्या गोळीने किती बाळे सुकली, दगावली, ह्याच्या आठवणी जुन्या लोकांना होत्या. पण बाळगोळी दिली जाई ती धडधाकट मुलाला गप्प ठेवण्यासाठी, अंदाजाने. येथे मापून दिलेले औषध खऱ्या वेदनेशी झुंजत असते. शरीराला औषधाची सवय होते, हे खरे. म्हणून ते एकाएकी बंद करायचे नसते, हळूहळू उतरवायचे असते. पण सवय आणि व्यसन ह्यांत फरक आहे. व्यसनी माणूस औषधापायी संसार सोडतो. वेदनेतला माणूस औषधामुळे पुन्हा उठून बसतो आणि नातवाला जवळ घेतो.

दुसरी भीती: ह्याने मरण लवकर येईल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या मात्रेपासून चढत गेलेले मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. मात्र मूत्रपिंड बिघडले असेल तर ते शरीरात साचते. म्हणून डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी. रोगी हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर तत्काळ डॉक्टरांना गाठावे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या मनाने बरोबर देऊ नयेत.

तिसरी भीती मोठी करुण आहे: आत्ताच घेतले तर पुढे काय राहील? जास्त दुखेल तेव्हासाठी राखून ठेवू! जणू धान्याची कणगीच ती. पण मॉर्फिनला अशी तळाची मर्यादा नाही. पुढे वेदना वाढली तर मात्राही वाढवता येते. आज सोसून ठेवलेली वेदना उद्याच्या खात्यावर जमा होत नाही.

चौथी भीती: मॉर्फिन आले म्हणजे शेवट आला. पुष्कळ घरांत ह्याच कारणाने गोळ्यांची पुडी फडताळात लपवून ठेवतात. वास्तविक मॉर्फिन देण्याची वेळ वेदना ठरवते. राहिलेले दिवस ठरवत नाहीत. उपचार चालू असतानाही ते देतात आणि वेदना ओसरली की थांबवतातही.

ह्या औषधाचे खरे उपद्रव मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. मलावरोध हा त्यांतला मुख्य, आणि तो औषध आहे तोवर राहतो. म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक बरोबर हवे. ते विसरले तर आठ दिवसांत रोगी गोळीला नको म्हणतो, आणि दोष मॉर्फिनच्या माथी येतो. मळमळ पहिले काही दिवस राहते. तिच्यावर औषध आहे. सुरुवातीला गुंगी येते. तिचा बराच भाग साचलेल्या झोपेचाच असतो.

भीतीचे दुसरे टोकही विसरून चालणार नाही. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकांत ह्याच जातीची औषधे साध्यासुध्या कंबरदुखीलाही सर्रास लिहून दिली गेली. कंपन्यांनी जाहिरातीचा धडाका लावला, आणि लाखो लोक व्यसनात सापडले. त्यातून घेण्याचा धडा एवढाच की औषध ज्याचे त्यालाच, मापून, नोंद ठेवून द्यावे. अमेरिकेत अतिवृष्टी झाली म्हणून परंड्याच्या शेताला पाणी देऊ नये, असा काही त्याचा अर्थ होत नाही.

कायद्याचे कुलूप

आपल्याकडे घडले ते नेमके उलट. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आला. हेतू चांगला होता. चोरट्या व्यापाराला आळा घालायचा होता. पण त्या जाळ्यात वैद्यकीय मॉर्फिनही अडकले. रुग्णालयाला ते ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. एवढ्या कटकटीत कोणता दवाखाना पडेल? औषध विक्रेत्यांनी ते ठेवणे बंद केले, डॉक्टरांनी लिहून देणे बंद केले, आणि हळूहळू डॉक्टरांची एक पिढीच्या पिढी मॉर्फिन हाताळल्याशिवाय बाहेर पडली. १९८५ ते १९९७ ह्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. १९९७ साली अख्ख्या भारतात वापरले गेले अवघे १८ किलो!

१९९८ साली केंद्र सरकारने राज्यांना सोप्या नियमांचा नमुना पाठवला. थोड्यांनीच तो अमलात आणला. डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे अनेक डॉक्टर ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत राहिले, आणि अखेर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा दर्जा मिळाला. त्यांच्यासाठी सबंध देशात एकच नियम आला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाकडून मिळते. रुग्णालयात ह्या विषयाचे शिक्षण घेतलेला एक डॉक्टर हवा, आणि औषधाचा चोख हिशेब हवा. एवढे असले की झाले.

म्हणजे कुलूप निघाले आहे. दार ढकलायचे राहिले आहे. कारण मान्यता मागायला रुग्णालय पुढे यावे लागते, आणि रुग्णालय पुढे येते ते मागणी असली तर. दिलाशाच्या उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा द्यावी असे त्यात म्हटले आहे. पण ज्या सेवेविषयी कोणी विचारतच नाही ती कागदावर राहते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. ज्या जिल्ह्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल साऱ्या जगाला शिकवले, तेथल्या बाईला वेदनेच्या गोळीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागू नये, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, वेदना विचारावी. आणि नीट विचारावी. ‘बरं आहे ना?’ ह्या प्रश्नाला आपल्या बायका ‘हो’ शिवाय उत्तर देत नाहीत. तज्ज्ञ लोक शून्य ते दहाच्या पट्टीवर वेदना मोजायला सांगतात. वस्तीवरच्या आत्याला ही पट्टी परकी वाटेल. पण तिला आण्यांचा हिशेब पाठ असतो. ‘आत्या, रुपयात किती आणे दुखतंय?’ असे विचारून पाहा. ‘काल चौदा आणे हुतं, आज धा आणे हाय’ असे उत्तर येईल, आणि ते डॉक्टरला पट्टीइतकेच उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, ते उत्तर लिहून ठेवावे. शाळकरी वहीत तारीख, वेळ, किती आणे, कोणती गोळी, झोप किती तास, शौचास झाले की नाही. दुखते कुठे, पसरते कुठे, चमक येते की आग होते, हेही लिहावे. असे चार दिवसांचे टिपण घेऊन डॉक्टरांपुढे गेलेल्या माणसाला ‘काही करण्यासारखे नाही’ असे सांगणे डॉक्टरांनाही जड जाते.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांना सरळ प्रश्न करावेत. रोग बरा होणार नाही हे आम्हाला समजले. पण वेदनेसाठी काय देता येईल? तुमच्याकडे मॉर्फिन मिळते का? नसेल तर ते कोणत्या रुग्णालयात मिळते, तेथे चिठ्ठी द्याल का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. उपचाराचा तो भागच आहे.

चौथी गोष्ट, औषध आणले की त्याची जबाबदारी घ्यावी. कडीकुलपात ठेवावे, मुलांच्या हाती लागू देऊ नये. शेजाऱ्याच्या गुडघेदुखीला उसने देऊ नये. उरलेल्या गोळ्या जेथून आणल्या तेथे परत कराव्यात. तोंडाच्या कर्करोगात जखमेला वास येऊ लागला की माणसे जवळ येईनाशी होतात आणि रोगी लाजेने खंगतो; त्यावर मेट्रोनिडाझोल हे साधे, स्वस्त औषध डॉक्टरांना विचारून जखमेवर वापरता येते. वास गेला म्हणजे माणसे परत जवळ येतात. हेही औषधच.

पाचवी गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. सिसली सॉण्डर्स म्हणत की वेदना एकट्या शरीराची नसते; तिच्यात मनाची, नात्यागोत्यांची, पैशाची आणि देवाघरच्या हिशेबाची वेदना मिसळलेली असते. माझ्यामागे धाकट्याचे कसे होईल, दवाखान्यापायी जमीन विकली का, मी कोणाचे काय वाईट केले होते, हे प्रश्न रात्री दोन वाजता मॉर्फिनपेक्षा मोठे असतात. त्यांना उत्तर देता आले नाही तरी चालेल. कोणीतरी बाजेजवळ बसून ते ऐकून घेतले पाहिजे.

दर वर्षी भारतात चौदा लाखांहून अधिक माणसांना नव्याने कर्करोग होतो. म्हणजे आपल्या नात्यात, चाळीत, कचेरीत कोणाकडे तरी हा प्रसंग येणारच. त्यातील पुष्कळ जण लवकर निदान झाल्याने बरे होतात, आणि त्यासाठी वेळेवर तपासणी करून घेणे हा पहिला मार्ग, हे उस्मानाबादच्या स्त्रियांनीच जगाला दाखवून दिले आहे. जे बरे होणार नाहीत, त्यांच्या रात्री मात्र आपल्या हाती आहेत. यंदा गावाकडे गेलात आणि बाजेवरून ‘बरं हाय की’ असे उत्तर आले, तर तेवढ्यावर उठू नका. जवळ बसा आणि विचारा, “खरं सांग आत्या, रुपयात किती आणे?”